फायरप्लेस, धूर आणि सासूबाईंची डोकेदुखी

पत्र सहा पानी आहे, म्हणून त्यातलं मोजकंच इथे देते. एका ताईंनी लिहिलंय की मागच्या वर्षी त्यांनी जुनं घर घेतलं, हॉलमध्ये विटांची, लाकडं जाळायची फायरप्लेस आहे आणि खरं सांगायचं तर घर पसंत पडलं ते तिच्यामुळेच. थंडी सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी पेटवतात. पण पेटवलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं हॉल धुराने भरतो, लाकडं सूं सूं करत नुसती धुमसतात आणि खोली म्हणावी तशी तापत नाही. मिस्टरांचं म्हणणं, जुन्या घरात असं चालायचंच, आणि लवकर पेटावं म्हणून ते लाकडांवर रॉकेल शिंपडतात. रात्री झोपताना ऊब बाहेर जाऊ नये म्हणून निखारे लाल असतानाच डॅम्पर, म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी असलेलं लोखंडी झाकण, बंद करून टाकतात. सकाळी राख कचऱ्याच्या डब्यात. धुराडं शेवटचं कधी साफ झालं कोणालाच माहीत नाही. माळ्यावर जुन्या दारांच्या रंगवलेल्या फळ्या पडल्यात, त्या जाळल्या तर चालतील का, हाही एक प्रश्न आहे. आणि सगळ्यात शेवटी ता. क. म्हणून एक ओळ: "सासूबाईंचं हल्ली रोज सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, त्या हॉलला लागून असलेल्या खोलीत झोपतात, वयही झालंय म्हणा."

ताई, मी तुमचं पत्र खालून वर वाचणार आहे. लाकडं, धूर, फळ्या सगळ्यावर बोलू, पण आधी ती ता. क. वाली ओळ, कारण सहा पानांत मला खरं घाबरवलं ते तिनेच.

आज संध्याकाळी फायरप्लेस पेटवू नका. उद्याही नको. मिस्टर काय म्हणायचं ते म्हणू देत. रात्री लाल निखारे, वर डॅम्पर बंद, शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस आणि सकाळी डोकेदुखी न मळमळ, हे एवढं एका ओळीत आलं की पहिला संशय कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा घ्यायचा. कारण दुसरंही काही असू शकेल, बीपी असेल, अॅसिडिटी असेल, ते डॉक्टर बघतील, पण हा संशय फिटेपर्यंत त्या घरात विस्तव नको. सासूबाईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि तिथे नुसतं "डोकं दुखतं" असं सांगू नका, "घरात लाकडं जळतात, रात्री डॅम्पर बंद असतो, कार्बन मोनॉक्साइडची भीती वाटते" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते रक्ताची त्यासाठीची तपासणी करतील. एक गोष्ट मुद्दाम सांगते, घरात ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल आणि ते ९८ दाखवत असेल तर त्यावर अजिबात विसंबू नका, साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरकच कळत नाही, तो बिनधास्त चांगला आकडा दाखवतो. आणि मोकळ्या हवेत गेलं की रक्तातलं प्रमाण साधारण चार-पाच तासांत निम्म्यावर येतं, म्हणून तपासणी जितकी लवकर तितकी बरी. सकाळी डोकं धरतं आणि दुपारी बाहेर फिरून आल्यावर बरं वाटतं असं होतंय का ते त्यांना विचारा. तुम्हा दोघांनाही थोडं जड-जड वाटतंय का तेही आठवून बघा, हल्ली झोप नीट होत नाही म्हणून सोडून दिलं असेल.

हे होतं कसं तेही सांगते, कारण मिस्टरांना नुसतं "बंद करू नका" म्हटलेलं पटणार नाही. आपल्याला धोका जाळात दिसतो. ज्वाळा मोठी असली की आपण सावध, आणि ज्वाळा विझून नुसते निखारे उरले की वाटतं, झालं, आता काय होतंय. पण निखाऱ्यांना हवा कमी पडली की ते अर्धवट जळतात आणि हा वायू भरपूर तयार करतात, त्याला ना रंग ना वास, धूर तरी डोळ्यात जातो, खोकला आणतो, निदान सांगतो तरी की मी आलोय. हा गुपचूप येतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डॅम्पर बंद केला म्हणजे या वायूचा बाहेर जायचा रस्ताच बंद केला, मग तो जाणार कुठे, हॉलमध्ये आणि तिथून शेजारच्या खोलीत. तेव्हा डॅम्पर कधी बंद करायचा? राख तळापर्यंत ढवळून आत एकही निखारा उरला नाही हे बघितल्यावर. म्हणजे व्यवहारात दुसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा. रात्री उघडाच ठेवायचा. घरातली ऊब त्यातून वर जाते हे मिस्टरांचं म्हणणं अगदी खरं आहे हो, पण त्यावरचा उपाय म्हणजे फायरप्लेसच्या तोंडाला बसणारी काचेची दारं, जाळ खाली बसला की ती लावायची आणि डॅम्पर उघडा, म्हणजे खोलीतली हवा कमी ओढली जाते आणि निखाऱ्यांचा वायू आपल्या वाटेने जातो.

पुढच्या वेळी पेटवायच्या आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात हवा. धुराचा अलार्म वेगळा, तोही हवा, पण तो या वायूला वाजत नाही. प्रत्येक मजल्यावर एक आणि झोपायच्या खोल्यांच्या बाहेर एक, फायरप्लेसच्या अगदी डोक्यावर लावू नका, थोडा लांब लावा. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून बघायचं, आणि हो, त्या डबीला एक्सपायरी असते, मागे छापलेली, मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षं, मग पूर्ण बदलायची. तो वाजला तर खिडक्या उघडत, कारण शोधत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.

आता धूर. तुमच्या पत्रात दोन खुणा आहेत आणि दोन्ही बोलक्या आहेत. पहिली म्हणजे लाकडाचं ते सूं सूं. तो आवाज लाकडातलं पाणी उकळून बाहेर पडतंय त्याचा आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं, म्हणजे दोन किलोचा ओंडका टाकलात तर एक लिटर पाणी उकळायला ठेवल्यासारखंच झालं, मग खोली तापणार कशी, सगळी धग त्या पाण्यावर खर्च. जाळण्याजोगं लाकूड म्हणजे २० टक्क्यांपेक्षा कमी ओलावा. तुम्ही लिहिलंय की आधीचे मालक अंगणात लाकडांचा ढीग ठेवून गेलेत आणि तुम्ही पावसापासून वाचावा म्हणून तो चारी बाजूंनी प्लास्टिकने गुंडाळलाय. तिथेच गडबड आहे. तो ढीग वाळत नाहीये, घामेजतोय. फक्त वरून झाका, बाजू उघड्या सोडा, खाली दोन फळ्या किंवा विटा देऊन जमिनीपासून उचला आणि ओंडके फोडून ठेवा, कारण सालीतून पाणी फारसं बाहेर पडत नाही, फोडलेल्या बाजूने पडतं. मऊ लाकडाला सहा महिने तरी, कठीण लाकडाला एक ते दोन वर्षं लागतात. हो, दोन वर्षं. लाकडाच्या बाबतीत घाई चालत नाही. वाळलंय की नाही हे बघायला मॉइश्चर मीटर मिळतो, दोन पिनांचा, पण तो ओंडक्याच्या बाहेरून टोचू नका, बाहेरचं नेहमीच कोरडं दाखवतं, ओंडका फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचायचा. मीटर नसेल तर दोन ओंडके एकमेकांवर आपटा, वाळलेलं ठणठण वाजतं, ओलं बद्द करतं. टोकांना चिरा पडल्यात का, साल सुटत आलीये का, हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा हलकं वाटतंय का, हेही सांगून जातं. या थंडीपुरतं वाळलेलं लाकूड विकत आणा आणि तो ढीग पुढच्या वर्षासाठी ठेवा.

दुसरी खूण म्हणजे धूर पहिली दहा-पंधरा मिनिटंच येतो आणि मग कमी होतो. म्हणजे धुराडं पूर्ण तुंबलेलं नसावं, ते थंड आहे. धूर वर जातो तो काही सवयीने नाही, गरम हवा हलकी म्हणून ती वर जाते आणि मागची हवा ओढून घेते. पण दिवसभर बंद असलेल्या धुराड्यात थंड जड हवेचा खांबच उभा असतो, विशेषतः धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर, आणि तुमचा कोवळा जाळ त्याला ढकलू शकत नाही, मग धुराला जवळचा रस्ता कोणता, तर तुमचा हॉल. उपाय सोपा आहे. डॅम्पर पूर्ण उघडा (अर्धा नाही, पूर्ण, हे टॉर्च लावून डोळ्यांनी बघा, जुन्या डॅम्परचा दांडा हलतो आणि झाकण जागच्या जागी राहतं असंही होतं). मग वर्तमानपत्राची घट्ट सुरळी पेटवून डॅम्परच्या खाली एक-दोन मिनिटं धरा, हाताला आगरोधक ग्लोव्ह घालून. सुरळीचा धूर सरळ वर जाताना दिसला की समजायचं धुराड्याने ओढ धरली, आता लाकडं पेटवा. तरी धूर आत येत असेल तर हॉलची एक खिडकी दोन बोटं उघडा आणि काही फरक पडतोय का बघा. आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू आहे का तेही बघा! हे लोकांच्या लक्षातच येत नाही, घर घट्ट बंद आणि एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतोय, मग घर हवा कुठून तरी ओढणारच, आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे तुमचं धुराडं. अशा वेळी फायरप्लेस उलटी चालते.

एवढं करूनही धूर आलाच तर मग प्रश्न वरच्या टोकाचा. आत घरटं असू शकतं (चिमणीत चिमणीने घर करणं यात तिची काही चूक नाही, वर जाळीची टोपी आपणच बसवायला हवी होती), किंवा धुराडं आखूड असेल. साधारण हिशोब असा की छतातून जिथे बाहेर येतं तिथून निदान ९० सेंटीमीटर वर आणि तीन मीटरच्या आत छताचा जो काही भाग असेल त्याहून ६० सेंटीमीटर उंच. हे तुम्ही अंगणात उभं राहून अंदाजे बघा, छतावर चढू नका.

रॉकेल. इथे मी भांडणार आहे. तुमच्या मिस्टरांना वाटतं "थोडंसंच तर" आणि आजवर काही झालं नाही म्हणून हात सरावलाय. पण राखेखाली कालचा निखारा जिवंत असेल तर तापलेल्या राखेवर पडल्या पडल्या रॉकेलची वाफ होते, ती वाफ पेट घेते आणि भडका बाहेर येतो, हाताकडे, बाटलीकडे, चेहऱ्याकडे. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीच नको. आणि गंमत म्हणजे रॉकेल लागतंय तेच मुळी लाकूड ओलं आहे म्हणून. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वाळलेलं लाकूड असेल तर पेटवायची एक पद्धत सांगते, मला ती कळायला बरीच वर्षं लागली, कारण आपण सगळे खाली कागद, वर काटक्या, त्यावर ओंडके असं रचतो. उलटं करा. खाली दोन-तीन जाड ओंडके, मध्ये थोडी हवा खेळेल असे, त्यांच्यावर मनगटाएवढी लाकडं आडवी, त्यावर बोटाएवढ्या काटक्या आणि सगळ्यात वर कागदाचे दोन-चार बोळे किंवा वाळक्या ढलप्या. पेटवायचं वरून. बघताना विश्वास बसत नाही पण जाळ हळूहळू खाली उतरतो, ओंडके कोसळून जाळ दबत नाही, आणि मुख्य म्हणजे जाळ पहिल्यापासून वर असल्याने धुराडं पटकन तापतं, खालच्या लाकडातून निघालेला धूर ज्वाळेतूनच वर जातो आणि तिथेच जळतो. धूर म्हणजे न जळलेलं इंधनच असतं ना. पहिल्या अर्ध्या तासानंतर बाहेर जाऊन धुराड्याकडे बघा, टोकावर जवळजवळ काहीच दिसत नसेल किंवा नुसती पांढुरकी वाफ असेल तर छान चाललंय, करडा निळसर धूर लोळतोय म्हणजे आत धुमसतंय. जाळ पिवळा, चपळ हवा. आणि छोटा जाळ चांगला पेटलेला, हे मोठ्या धुमसणाऱ्या ढिगाऱ्यापेक्षा कधीही बरं, तोंडापर्यंत लाकडं भरायची नाहीत.

आता ज्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, "धुराडं कधी साफ झालं माहीत नाही", ते. मला वाटतं तुमच्या घरात आत्ता कार्बन मोनॉक्साइडनंतर दोन नंबरचा धोका तिथेच बसलाय. ओल्या लाकडाचा थंड धूर धुराड्याच्या भिंतींना लागला की त्यातली वाफ, डांबर, काजळी सगळं तिथे चिकटतं, त्याला क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला ते काजळीसारखं भुसभुशीत असतं, ब्रशने निघतं. मग त्याच्या काळ्या कडक खपल्या होतात. आणि तरीही तसंच चालू ठेवलं तर काळं, चकचकीत, वितळून गोठल्यासारखं, जणू कोणी आतून डांबर फासलंय, ते ब्रशने निघत नाही, त्याला खास माणूस आणि खास उपाय लागतो. आणि हे जळतं, चांगलंच जळतं. धुराड्यात आग लागली की आत तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतं, आतली मातीची नळी तडकते, आणि त्या तड्यांतून धग आजूबाजूच्या लाकडी वाशांपर्यंत पोचते. थर तीन मिलिमीटर झाला की साफ करायलाच हवा असं मानतात, म्हणजे दोन नाण्यांच्या जाडीएवढा, फार नाही. तुम्ही रोज ओलं लाकूड जाळताय, म्हणून मी म्हणते साफ केल्याशिवाय आता एकही काडी ओढू नका.

धुराड्यातली आग ओळखायची कशी, तर बऱ्याचदा आवाजाने. लांबून रेल्वे येतेय किंवा विमान जातंय तसा घरघराट, भिंत थरथरते, बाहेर टोकातून ठिणग्या किंवा ज्वाळा, जळक्या डांबराचा उग्र वास. असं झालं तर सगळे बाहेर आणि बाहेरूनच अग्निशमन दलाला फोन, जाता जाता काचेची दारं लावता आली तर लावा, नाही तर राहू द्या. वरून पाणी ओतायचा पराक्रम कोणी करू नये, तापलेली नळी गार पाण्याने फुटते. आणि आग विझली तरी पुन्हा तपासणी झाल्याशिवाय पेटवायचं नाही. कधीकधी अशी आग हळू, गुपचूप लागून जाते, कोणाला कळतही नाही, फक्त नंतर तपासणीत नळीला तडे दिसतात. तुमच्या घरात आधीच्या लोकांच्या वेळी असं झालंय का, हे कोण सांगणार, म्हणून कॅमेरा घालून बघणारा माणूस बोलवा, नुसता ब्रश फिरवून जाणारा नको.

अमेरिकेत धुराडी आणि फायरप्लेससाठी एनएफपीए २११ नावाचं मानक आहे, ते वर्षातून निदान एकदा तपासणी सांगतं, मी तोच नियम धरते. हंगाम सुरू व्हायच्या आधी. नळीला तडे आहेत का, वरचं सिमेंटचं डोकं फुटलंय का, टोपी आणि जाळी शाबूत आहे का, डॅम्पर घट्ट बसतो का, विटांमधलं सिमेंट झडलंय का, हे सगळं विचारून घ्या, त्याच्याबरोबर उभं राहा, फोटो दाखवायला सांगा. बाजारात "जाळा आणि धुराडं साफ" असे ओंडके मिळतात, ते चिकट थर थोडा सुटा करायला मदत करतात पण सुटा झालेला थर काढायला ब्रशच लागतो, तेव्हा त्याला सफाई समजू नका. आणि खालची काजळी तुम्ही स्वतः झाडणार असाल तर मास्क, ग्लोव्ह, चष्मा, आणि नंतर आंघोळ. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जनने धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा कॅन्सर काजळीमुळे होतो हे लिहून ठेवलं होतं, कामामुळे होणाऱ्या कॅन्सरची ती अगदी पहिल्या नोंदींपैकी एक. लहान पोरांना त्या नळीत उतरवायचे तेव्हा. काजळी नुसती काळी नसते एवढं लक्षात ठेवा.

राखेची माझीच गोष्ट सांगते. काल दुपारची राख, आज संध्याकाळ, हात लावून बघितला, गार. प्लास्टिकच्या टबात भरली आणि मागच्या लाकडी पायऱ्यांवर ठेवली. तासाभराने कसला तरी वास येतोय म्हणून दार उघडलं तर टबाला बुडाशी भोक आणि पायरीवर काळा गोल डाग, मधोमध एक एवढासा निखारा, मस्त फुललेला. वारा जरा जास्त असता तर मी आज हे सदर दुसऱ्याच विषयावर लिहीत असते. राख ही गोधडी आहे, तिच्या आत निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहतो. तेव्हा कचऱ्याचा डबा बंद. पत्र्याची बादली, घट्ट झाकणाची, ती घराबाहेर, भिंतीपासून निदान तीन मीटर लांब, खाली माती किंवा फरशी, लाकूड नाही. कागदी पिशवी नाही, खोकं नाही, आणि व्हॅक्युम क्लीनर तर नाहीच, तो आतल्या आत पेटतो. सगळी राख रोज काढायचीही गरज नाही, हंगामात दोन-तीन सेंटीमीटरचा थर तळाशी राहू दिला तर निखारे टिकतात आणि पुढचा जाळ लवकर धरतो. राख ओली झाली की हाताला झोंबते, क्षार असतो, ग्लोव्ह घाला.

माळ्यावरच्या फळ्या जाळू नका. जुना रंग म्हणजे त्यात शिसं असण्याची शक्यता, ते धुरात आणि राखेत येतं आणि राख आपण बागेत टाकतो. प्लायवूड, एमडीएफ, पॉलिश केलेलं फर्निचर, कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं बाहेरचं लाकूड (जुन्यात क्रोमियम, तांबं, आर्सेनिक असतं), चकचकीत कागद, प्लास्टिक, समुद्रातून वाहून आलेलं खारं लाकूड, यातलं काहीही नको. खोकी आणि कागदांचा ढीगही नको, पेटलेले तुकडे उडत वर जातात. फायरप्लेस म्हणजे भंगाराची विल्हेवाट लावायची सोय असं एकदा डोक्यात बसलं की माणूस काय काय टाकेल सांगता येत नाही.

बाकी आजूबाजूचं थोडक्यात. समोर जाळीचा पडदा हवाच, ठिणगी उडते तेव्हा विचारून उडत नाही. गालिचा, सोफा, पडदे, वाळत घातलेले कपडे, लाकडांची टोपली, सगळं एक मीटर लांब. समोरची न जळणारी फरशी तोंडापासून निदान ४० सेंटीमीटर पुढे आलेली हवी, तोंड मोठं असेल तर ५० सेंटीमीटर, मोजून बघा. जाळ असताना खोलीत मोठं माणूस हवं, आणि झोपायला जायच्या तास-दीड तास आधी नवं लाकूड टाकणं बंद. एबीसी प्रकारचं अग्निशामक खोलीच्या दाराजवळ ठेवा, फायरप्लेसच्या बाजूला नको, तिथे आग असेल तर तुम्ही ते घेणार कसं.

मिस्टरांशी कसं बोलायचं हे तुम्ही विचारलं नाहीये पण पत्रभर तेच आहे. "मी सांगत होते" असं म्हणू नका, आईच्या डोकेदुखीचं सांगा. ती त्यांची आई आहे.

शेवटचा तुमचा प्रश्न, खोली तापत का नाही. लाकूड ओलं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे उघडी फायरप्लेस हे मुळात खोली तापवायचं फार चांगलं साधनच नाही, लाकडातली बहुतेक धग धुराड्यातून वर जाते, खोलीत दहा-पंधरा टक्के राहिली तरी खूप, शिवाय ती खोलीतली आधीच गरम झालेली हवाही ओढते, म्हणून कधी कधी हॉल उबदार आणि मागच्या खोल्या आधीपेक्षा गार. ही तक्रार जुनी आहे, काउंट रमफर्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्पसनने १७९६ मध्ये यावर निबंध लिहिला होता, फायरप्लेस उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे धग खोलीत फेकली जाईल आणि धुराड्याचा गळा अरुंद ठेवा म्हणजे धूर नीट ओढला जाईल. तुमची फायरप्लेस खोल चौकोनी खोक्यासारखी असेल तर ती त्याला आवडली नसती. रोजच्या उबेसाठीच हवी असेल तर आत बसवायचा बंद लोखंडी स्टोव्ह, म्हणजे इन्सर्ट, मिळतो, त्याची कार्यक्षमता साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे जाते, लाकूड कमी लागतं, धूरही कमी. पण तो नुसता आत सरकवून चालत नाही, त्याच्या मापाची स्टीलची नळी धुराड्यात वरपर्यंत घालावी लागते, नाहीतर मोठ्या जुन्या नळीत धूर थंड होऊन पुन्हा तेच क्रिओसोट. तेव्हा धुराडं तपासायला माणूस येईल त्याच दिवशी हेही विचारून घ्या, कॅमेरा आत असतानाच, म्हणजे नळी बसेल की नाही ते तिथल्या तिथे कळेल. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, प्लीज, वाट बघतेय.